उघड्या आभाळाखालचा पडदा

एखाद्या चित्रपटाचे परीक्षण लिहिताना तो आपण कोठे आणि कसा पाहिला, हे सांगण्याची रीत नाही. या लेखापुरती ती रीत आम्ही बाजूला ठेवतो. कारण प्रस्तुत चित्रपटाचा विषयच मुळी 'एकत्र बसून चित्रपट पाहणे' हा आहे. सुदानमधील ओमदुरमान शहरात बंद पडलेले एक बिनछपराचे चित्रपटगृह झाडूनपुसून पुन्हा उघडावे आणि एका रात्री तेथे लोकांना चित्रपट दाखवावा, एवढीच इच्छा बाळगणाऱ्या चार वृद्ध चित्रपटकर्मींची ही सत्यकथा आहे. ती आम्ही आमच्या खोलीत, दार लावून, संगणकाच्या वीतभर पडद्यावर, एकट्यानेच पाहिली. चित्रपट संपला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि ज्याच्याशी दोन शब्द बोलावेत असे शेजारी कोणी नव्हते. शेकडो माणसांनी मोकळ्या आवारात मिळून चित्रपट पाहावा म्हणून धडपडणाऱ्यांची गोष्ट आपण अशा रीतीने पाहिली, याचा संकोच मनात राहिला. त्या संकोचातूनच हा लेख लिहीत आहोत.

चित्रपटाचे नाव 'टॉकिंग अबाउट ट्रीज', म्हणजे 'झाडांविषयी बोलताना'. दिग्दर्शक सुहैब गस्मेलबारी हे सुदानी असून त्यांचे चित्रपटशिक्षण फ्रान्समध्ये झाले. २०१९ च्या बर्लिन महोत्सवात या अरबी माहितीपटाला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे पारितोषिक मिळाले आणि 'पॅनोरमा' विभागातील प्रेक्षकांनीही त्यालाच कौल दिला. शीर्षक जर्मन कवी बेर्टोल्ट ब्रेख्त यांच्या एका कवितेवरून घेतले आहे. नाझी राजवटीमुळे परागंदा झालेल्या या कवीचा संदर्भ वाचकाने ध्यानात ठेवावा. कारण जुलमाच्या काळात साधे, निरुपद्रवी विषयसुद्धा निरुपद्रवी राहत नाहीत, हे या चित्रपटाचे सूत्र आहे. त्यातील चार म्हातारे राजकारणावर भाषणे देत नाहीत. ते चित्रपटाविषयी बोलतात, आणि तेवढे बोलणेही सत्तेला खपत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. ओमदुरमान हे शहर नाईलच्या पश्चिम तीरावर, राजधानी खार्टुमच्या समोर वसले आहे. तेथील उष्मा असा की दिवसा बंद दालनात माणसे कोंडणे अशक्य. म्हणून सुदानमधली जुनी चित्रपटगृहे बहुधा छपरावाचूनच बांधली गेली. चहूबाजूंनी भिंती, एका टोकाला चुन्याने रंगवलेला भव्य पडदा, पुढे खुर्च्यांच्या ओळी आणि वर आभाळ. सूर्य मावळला की खेळ सुरू व्हायचा. अशा आवारांत इजिप्तचे, अमेरिकेचे आणि आपल्या मुंबईचेही चित्रपट त्या देशाने पाहिले.

३० जून १९८९ रोजी ओमर अल-बशीर यांनी लष्करी बंड करून सत्ता घेतली आणि धर्माच्या नावाने राज्य चालविण्यास आरंभ केला. पुढील वर्षांत एकेक पडदा अंधारात गेला. त्याच १९८९ साली, बंडाच्या थोडे आधी, काही तरुण दिग्दर्शकांनी 'सुदानी फिल्म ग्रुप' नावाची संस्था स्थापन केली होती. इब्राहिम शद्दाद, सुलेमान इब्राहिम, अल्तयब महदी आणि मनार अल-हिलो हे या चित्रपटातील चौघे त्याच संस्थेचे. शद्दाद जर्मनीत शिकले, सुलेमान मॉस्कोत, महदी कैरोत. परदेशांत विद्या घेऊन हे स्वदेशी आले, थोडे लघुपट केले आणि ऐन उमेदीत त्यांच्या हातातले काम काढून घेण्यात आले. शद्दाद यांचा १९८१ मधील 'जमल' हा लघुपट आहे. तेलघाण्याच्या अंधाऱ्या खोलीत झापडे बांधून गोल गोल फिरणाऱ्या उंटाचे ते चित्रण. पुढील तीस वर्षांत त्यांच्या पिढीच्या वाट्याला काय येणार होते, ते जणू त्या उंटाने आधीच सांगून ठेवले होते.

आता प्रत्यक्ष चित्रपटाकडे वळू. प्रारंभीच वीज गेलेली आहे. अंधारात विजेरीच्या उजेडात हे चौघे बसले आहेत आणि वेळ घालविण्यासाठी 'सनसेट बुलेव्हार्ड' या १९५० च्या अमेरिकन चित्रपटातील शेवटचा प्रसंग वठवू लागतात. शद्दाद डोक्यावरून वस्त्र घेऊन त्या विस्मृतीत गेलेल्या नटीची भूमिका करतात. दुसरा रिकाम्या हातांनी कॅमेरा धरल्याचा आविर्भाव करतो. कॅमेरा नाही, दिवे नाहीत, फिल्म नाही. तरी 'चित्रीकरण' यथासांग पार पडते. आम्ही प्रथम हसलो. मग ध्यानात आले की ज्यांना तीस वर्षे कॅमेरा हाती धरू दिला नाही, त्यांचा हा खेळ आहे. दिग्दर्शकाने हा प्रसंग पहिल्यांदाच ठेवून आपल्या चित्रपटाचा सूर निश्चित केला आहे. येथे दुःख विनोदाच्या अंगाने येते आणि म्हणूनच ते प्रेक्षकाच्या अंगावर न येता आत झिरपत जाते.

या चौघांचे नित्याचे काम म्हणजे खेडोपाडी जाऊन चित्रपट दाखविणे. एका खेळात चार्ली चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' चालू आहे. उघड्यावर पडदा उभारला आहे, पुढे मुलेमाणसे दाटीने बसली आहेत आणि अकस्मात वारा सुटतो. पडदा शिडासारखा फुगतो, फडफडतो. चार्लीची आकृती लांबते, आखडते. म्हातारे पडदा धरून ठेवण्यासाठी धावतात. समोरचे प्रेक्षक मात्र उठून जात नाहीत. १९३६ साली अमेरिकेत तयार झालेला, एका शब्दाचीही भाषांतराची गरज नसलेला तो चित्रपट वाळवंटाच्या कडेला राहणारी मुले पाहतात आणि नेमक्या जागी हसतात. आम्हाला संपूर्ण चित्रपटात हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटला. पडदा स्थिर नाही, आवाज धड नाही, धूळ डोळ्यांत जाते. तरीही माणसे बसून राहतात. त्यांना तेथे काय धरून ठेवते? चार्ली तर खराच. परंतु शेजारी हसणारा शेजारीही तितकाच.

खेड्यातील या खेळांवरून मंडळी शहरातील मोठ्या खेळाचा बेत करतात. त्यासाठी त्यांची निवड पडते ओमदुरमानमधील 'थौरा' या बंद चित्रपटगृहावर. थौरा म्हणजे क्रांती. क्रांतीचे नाव घेऊन आलेल्या राजवटीने 'क्रांती' नावाचे चित्रपटगृह कुलूपबंद ठेवावे, हा योगायोग दिग्दर्शक बोलून दाखवीत नाही. पाटी दाखवितो आणि पुढे जातो. आवारात धूळ साचली आहे. हे साठी-सत्तरीचे पुरुष हाती झाडू घेतात. कोणता चित्रपट दाखवावा, हे आपल्या आवडीने न ठरविता ते तरुणांना विचारत फिरतात. कौल मिळतो 'जॅंगो अनचेन्ड' या २०१२ च्या अमेरिकन चित्रपटाला. गुलामीतून मुक्त झालेल्या एका कृष्णवर्णीयाची ही कथा आहे. आम्ही स्वतः हा चित्रपट आवारात दाखविण्याचे धाडस केले नसते. त्यातील रक्तपात कुटुंबासह पाहण्याजोगा नाही. परंतु त्या तरुणांनी तो का निवडला असेल, याचा विचार करताना आम्हाला संत जोसेफिन बखिता यांची आठवण झाली. २००० साली संतपद लाभलेल्या या धर्मभगिनीचा जन्म सुदानच्याच दारफुर प्रांतातला. लहानपणी पळवून नेऊन बाजारांत पुन्हा पुन्हा विकली गेलेली ही कन्या खार्टुममधूनच इटलीला पोहोचली. त्या भूमीत साखळदंड तुटण्याची गोष्ट केवळ परदेशी करमणूक ठरत नाही. त्या मुलांना बखिता ठाऊक असतील वा नसतील. आपल्या मातीत काय पुरले आहे, हे जमातीच्या मनाला कोठेतरी ठाऊक असते.

पुढचा भाग परवानगीचा. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात, एका साहेबाकडून दुसऱ्याकडे. कोणी 'नाही' म्हणत नाही आणि कोणी 'होय' म्हणत नाही. याच काळात, २०१५ साली, देशात निवडणूक होते आणि बशीर चौऱ्याण्णव टक्क्यांहून अधिक मतांनी निवडून आल्याची घोषणा होते. चित्रपट त्यावर भाष्य करीत नाही. भाष्याची गरजही नाही. दुसरीकडे खेळाची वेळ ठरविणे हेही एक गणितच होऊन बसते. अवतीभवतीच्या मशिदींच्या ध्वनिक्षेपकांवरून अजान होते तेव्हा पात्रांचे संवाद ऐकू कसे यावेत? म्हातारे या अडचणीचाही हसत हसत हिशेब मांडतात. त्या हसण्यात प्रार्थनेची थट्टा नाही, ही गोष्ट आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावी. ते सारे त्याच समाजातले आहेत. त्यांची तक्रार देवाशी नाही. देवाच्या नावाने कुलपे लावणाऱ्यांशी आहे. हा भेद आपणही आपल्या घरी पाळणे बरे. अखेरीस परवानगी मिळत नाही आणि खेळ होत नाही.

न झालेल्या खेळाची ही गोष्ट रुक्ष होण्याचा धोका होता. ती तशी होत नाही, याचे श्रेय आमच्या मते दोन गोष्टींना आहे. पहिली म्हणजे दिग्दर्शकाची सबुरी. तो कॅमेरा घेऊन या वृद्धांच्या शेजारी बसतो. त्यांच्या चहाच्या वेळा, त्यांची एकमेकांना चिमटे काढणारी थट्टा, त्यांचे गप्प राहणे, सारे टिपतो. सुलेमान मॉस्कोत विद्यार्थी असताना केलेल्या आपल्या चित्रपटाचा शोध घेण्यासाठी दूरध्वनी करतात, तो प्रसंग पाहा. अर्धे आयुष्य उलटल्यानंतर, विसरत चाललेल्या रशियन भाषेत, एक म्हातारा आपल्या तारुण्याची चौकशी करतो आहे. दिग्दर्शक तेथे संगीत घालत नाही, चेहऱ्यावर कॅमेरा नेऊन अश्रू शोधत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे या चौघांची मैत्री. इतकी वर्षे पराभव सोसूनही त्यांच्या बोलण्याला कडवटपणा आलेला नाही. सूडाची भाषा तर नाहीच. आशा हा सद्गुण आम्ही सेमिनरीत पुस्तकांतून शिकलो. येथे तो हाती केरसुणी घेतलेला दिसला.

तथापि काही उणिवा नोंदविल्या पाहिजेत. एक तर या चित्रपटात स्त्रिया फार थोड्या दिसतात. प्रेक्षकांत मुली आहेत, बायाही आहेत. परंतु त्यांना कोणी बोलते करीत नाही. रात्रीच्या उघड्या आवारातला खेळ त्यांच्यासाठी किती मोकळा असता, बाप-भावांनी त्यांना येऊ दिले असते का, हा प्रश्न विचारलाच गेलेला नाही. दुसरे असे की जो देश २०११ साली दुभंगून दक्षिण सुदान वेगळा झाला, त्या देशातील दक्षिणेकडच्या, पुष्कळशा ख्रिस्ती असलेल्या लोकांचा येथे उल्लेखही येत नाही. 'लोक' म्हणजे कोण, हा प्रश्न दिग्दर्शकाने जरा मोठ्याने विचारायला हवा होता. ही उणीव पुढे मोहम्मद कोर्दोफानी यांच्या 'गुडबाय जुलिया' या २०२३ च्या कथापटाने बऱ्याच अंशी भरून काढली. उत्तरेकडील एक मुस्लिम स्त्री आणि दक्षिणेकडील ख्रिस्ती जुलिया यांच्यातील अपराध आणि मैत्री यांची ती कथा. कान महोत्सवाच्या अधिकृत विभागात निवडला गेलेला तो सुदानचा पहिला चित्रपट होय. ज्यांना शक्य असेल त्यांनी हे दोन्ही चित्रपट एकामागून एक पाहावेत.

येथे एक आक्षेप येऊ शकेल. माणसे एका पडद्यापुढे जमली म्हणजे ती जवळ येतातच, असे कोठे आहे? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे चित्र दुसऱ्या एका अरबी चित्रपटात सापडते. लेबनॉनच्या नादीन लबाकी यांचा 'व्हेअर डू वी गो नाऊ?' हा २०११ चा कथापट. डोंगरातले एक आडगाव; अर्धे ख्रिस्ती, अर्धे मुस्लिम; चर्च आणि मशीद जवळजवळ. गावात दूरचित्रवाणी दिसत नाही म्हणून खटपट करून एक संच उघड्यावर मांडला जातो आणि सारे गाव रात्री त्यापुढे जमते. पाद्री आहेत, इमाम आहेत, बायका-मुले आहेत. जणू यात्राच. आणि मग बातम्या लागतात: देशात दोन धर्मांच्या लोकांत दंगल पेटली आहे. क्षणात बायकांच्या लक्षात येते की हा पडदा आपल्या घरात आग आणील. त्या मुद्दाम गलका करतात, खोटी भांडणे उकरून काढतात, जेणेकरून पुरुषांच्या कानी बातमी पडू नये. प्रसंग हास्यकारक आहे. परंतु त्या बायका स्मशानात आपली तरुण मुले पुरून आलेल्या आहेत, हे आपण आधीच पाहिलेले असते. एकाच पडद्यापुढे बसलेले गाव जवळही येते आणि फुटूही शकते. पडद्यावर काय लावायचे आणि केव्हा बंद करायचे, हे ठरविणारे शहाणे माणूस तेथे हवे. लबाकींच्या गावात ते शहाणपण बायकांपाशी आहे. गस्मेलबारींच्या चित्रपटात नेमका त्यांचाच आवाज नाही, ही रुखरुख त्यामुळे आणखी वाढते.

ख्रिस्तसभेलाही हा दुहेरी अनुभव नवा नाही. १९३६ साली पोप पायस अकरावे यांनी चित्रपटावर एक परिपत्रक काढले. त्याचे लॅटिन नावच 'दक्ष काळजी' अशा अर्थाचे आहे. त्यात सावधगिरीचा स्वर प्रबळ होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७१ साली, प्रसारमाध्यमांवर जो मार्गदर्शक दस्तऐवज निघाला, त्याचे नाव 'सहभागित्व आणि प्रगती' असे ठेवण्यात आले. पस्तीस वर्षांत पहाऱ्याची भाषा सहभागित्वाच्या भाषेला वाट देती झाली. आम्ही दोन्ही भाषा जवळ ठेवू. पण सहभागित्व म्हणजे काय, याचे ओमदुरमानच्या म्हाताऱ्यांनी दिलेले उत्तर आम्हाला अधिक स्पष्ट वाटले: तू आणि मी एकच गोष्ट, एकाच वेळी, एकमेकांच्या शेजारी बसून पाहू या.

हे आपल्यालाही परके नाही. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत १९१०-११ च्या सुमारास प्रभू येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्यातूनच त्यांच्या मनात भारतीय कथा पडद्यावर आणण्याचा ध्यास उपजला, हे सर्वश्रुत आहे. पुढे महाराष्ट्रात गावोगावच्या जत्रांत तंबू लागले आणि बैलगाडीने आलेल्या कुटुंबांनी चित्रपट पाहिले. आमच्या लहानपणी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, उपवासकाळात चर्चच्या आवारात दोन बांबूंना चादर बांधली जाई. यंत्राची घरघर, मध्येच तुटणारी फिल्म, परभाषेतले संवाद आणि ते समजावून सांगणारे मास्तर. पुढे जागा न मिळालेली आम्ही मुले पडद्याच्या मागे जाऊन बसत असू. तेथून प्रभू येशू डाव्या हाताने आशीर्वाद देताना दिसे. तरी गोष्ट कळण्यात काही उणे पडले नाही. घरी परतताना वडीलधारी माणसे त्याच गोष्टीविषयी बोलत असत आणि त्यांच्या मागून कंदिलाच्या उजेडात चालताना आम्ही ते ऐकत असू.

ते आवार अजूनही आहे. त्यावर कोणत्याही राजवटीने कुलूप घातलेले नाही. परवानगीसाठी दहा कार्यालये हिंडावी लागत नाहीत. तरीही ते रात्री रिकामे असते. एका घरात चार माणसे आणि चार लहान पडदे. आजी मालिका पाहते, बाप बातम्या पाहतो, मुले आणखी काही पाहतात, आणि धर्मगुरू आपल्या खोलीत एकटाच सुदानी चित्रपट पाहतो. ओमदुरमानचे आवार सत्तेने बळाने रिकामे केले. आपले आवार आपण आपल्या सोयीने रिकामे केले. यातले अधिक दुःखद कोणते, हे ठरविणे आम्हाला कठीण जाते. त्यांच्याजवळ निदान परतण्याची तळमळ होती.

बशीर यांची सत्ता एप्रिल २०१९ मध्ये लोकांच्या उठावाने गेली. हा चित्रपट प्रथम दाखविला गेला त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत. वाटले की आता 'थौरा'चा पडदा उजळेल. परंतु १५ एप्रिल २०२३ रोजी सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले आणि खार्टुम-ओमदुरमानसह सारा देश त्यात होरपळला. लक्षावधी माणसे घरांतून बाहेर फेकली गेली. आज हा चित्रपट पाहताना प्रत्येक रस्ता, प्रत्येक भिंत वेगळ्याच अर्थाने दिसते. या म्हाताऱ्यांनी झाडलेल्या त्या आवाराचे पुढे काय झाले असेल, हा विचार मनातून जात नाही.

आम्ही एवढेच करू शकतो असे वाटते की ही गोष्ट एकट्याने पाहून संपवू नये. येत्या उपवासकाळात एका शनिवारी, संध्याकाळच्या मिस्सेनंतर, आवारात आपण चार्लीचा 'मॉडर्न टाइम्स' लावू. वारा सुटला तर दोन तरुणांनी पडदा धरावा. बसायला प्रत्येकाने आपापली चटई आणावी आणि ज्यांच्या घरी जुनी, मोठी, पांढरी चादर असेल त्यांनी ती धुऊन ठेवावी.